रिकाम्या तलावातलं संगीत

वर्गात इतिहास शिकवताना राजे, तह आणि सनावळ्या यांतच माझा बहुतेक वेळ जातो. उनाड ठरवलेल्या पोरांचा इतिहास राहूनच जातो. म्हणून आज अमेरिकेतल्या फिनिक्स शहराची गोष्ट सांगतो.

हे शहर ॲरिझोनाच्या वाळवंटात वसलेलं. 1970 च्या दशकात अमेरिकेत स्केटबोर्डचं वेड पसरलं. पण दशक संपता संपता विम्याचा खर्च परवडेना आणि बरीच स्केटपार्क बंद पडली. मग पोरं पोहण्याच्या रिकाम्या तलावांत उतरली. कोलोरॅडो नदीचं पाणी आणण्यासाठी वाळवंटात ठेवलेल्या अजस्र काँक्रीट पाइपांतही शिरली.

या पोरांमधूनच 1981 साली 'जेएफए' हा पंक बँड उभा राहिला. गायक ब्रायन ब्रॅनन तेव्हा शाळकरी वयाचा. पूर्ण नाव 'जोडी फॉस्टर्स आर्मी'. त्याच वर्षी मार्चमध्ये एका माणसानं या अभिनेत्रीचं लक्ष वेधून घेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रेगनवर गोळ्या झाडल्या होत्या. त्यावरचा हा बोचरा विनोद.

गाणी वेगवान, आटोपशीर. मोठ्या कंपनीची वाट न पाहता फिनिक्सच्याच प्लेसिबो रेकॉर्ड्सनं त्यांची पहिली छोटी तबकडी काढली. पुढे 1983 साली थ्रॅशर या स्केटबोर्डच्या मासिकानं अशा बँडांची कॅसेट काढली, तिच्यातही जेएफए होतं.

मैदान बंद झालं म्हणून मुलांचा खेळ थांबत नाही. तो कुंपणापलीकडे जातो. त्यांना उनाड म्हणण्याआधी मैदान कोणी बंद केलं, हे आपण मोठ्यांनी विचारायला हवं.