विकार की स्वभाव? एका संज्ञेचा इतिहास

सौम्य स्वमग्नता हा विकार की स्वभावविशेष, हा प्रश्न तिच्या जुन्या नावातच दडलेला आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी १९४४ साली योजिलेल्या ‘सायकोपाथी’ या संज्ञेचा तत्कालीन जर्मन परिभाषेतील अर्थ व्यक्तिमत्त्वाची विषम घडण असा होता. पुढे त्या शब्दातून समाजविघातक वर्तन सूचित होऊ लागल्याने लोर्ना विंग यांनी १९८१ मध्ये ‘आस्पर्गर लक्षणसमूह’ हे नाव पुरस्कारिले. अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणात त्यास १९९४ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले; २०१३ मध्ये ते स्वमग्नतेच्या वर्णपटात विलीन झाले.

तथापि, सौम्य मुलांच्या गुणांची बाजू मांडणाऱ्या आस्पर्गरांनीच काही तीव्र अपंग मुलांना श्पीगेलग्रुंड या नाझी बालहत्याकेंद्रात धाडल्याचे हेर्विग चेख यांनी २०१८ मध्ये दाखविले. ‘स्वभाव’ हा शब्द उदार खरा. परंतु तो ज्यांस लागू पडत नाही, त्यांचे रक्षण त्याने होत नाही.