एकचाकी आणि तिचा तुंबा

सर्कशीच्या तंबूंत एकाच चाकावर बसून, हात पसरून रिंगणाला फेऱ्या घालणारा खेळाडू महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांनीं पाहिला आहे. विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० सालीं आपली सर्कस उभी केली; त्यानंतर या देशांत सर्कशीचा जो धंदा वाढला, त्यांत पुढें एकचाकी सायकलीलाही कायमची जागा मिळाली. पाहणाराच्या मनांत दोन प्रश्न येतात : हें साधतें कसें, आणि असलें वाहन मिळतें कोठें? पहिल्याची चर्चा पुष्कळ होते. दुसरा मात्र क्षुल्लक समजून सोडून देतात. वस्तुतः एकचाकीचा बराचसा इतिहास त्या दुसऱ्या प्रश्नांतच सांठवलेला आहे.

१८७० सालीं इंग्लंडांत जेम्स स्टार्ले व विल्यम हिलमन यांनीं ‘एरियल’ नांवाच्या सायकलीचें पेटंट घेतलें. पुढलें चाक प्रचंड, मागलें अगदीं लहान, अशी ती उंच सायकल. तिला साखळी नव्हती. पेडलें थेट पुढल्या चाकाच्या आंसाला जोडलेलीं. पायांचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाकच मोठें करावयाचें, आणि स्वाराचे पाय पुरतील तेथपर्यंत तें वाढवीत. पांच फूट व्यासाचीं चाकेंही रस्त्यावर धांवत. एकदम ब्रेक लावला कीं मागलें चाक उचललें जाई आणि स्वार तोंडघशीं पडे. कांहीं धाडसी स्वारांनीं हें मागलें चाक मुद्दाम अधांतरीं धरण्याचा सराव केला व त्यांतूनच एकचाकी निघाली, असें मानतात. तें अक्षरशः खरें असो वा नसो, यंत्राच्या दृष्टीनें उंच सायकलीचें पुढलें चाक ही जवळजवळ तयार एकचाकीच होती. तुंबा, आंस आणि क्रँक हीं तिन्ही तेथें एकजीव होऊन फिरत, आणि एकचाकीला नेमकें तेंच हवें असतें.

१८८५ मध्यें जेम्स स्टार्ले यांचे पुतणे जॉन केंप स्टार्ले यांनीं कोव्हेंट्री येथें ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आणली. दोन्ही चाकें सारखीं, पेडलें मधोमध, आणि मागलें चाक फिरविण्यास साखळी. १८८८ मध्यें डनलप यांचा हवा भरलेला टायर निघाला. हळूहळू सायकल सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली. स्त्रियाही तिच्यावर बसूं लागल्या. उंच सायकल दहाएक वर्षांतच मागें पडली.

जगाला जें वरदान ठरलें, त्यानें एकचाकीची मात्र अडचण झाली. नव्या सायकलीचा तुंबा स्थिर आंसाभोंवतीं फिरतो, आणि पुढें फ्रीव्हील आल्यावर तर पाय थांबवूनही चाक धांवतच राहूं लागलें. एकचाकीवर हें चालत नाहीं. तोल पुढें गेला तर चाक पुढें न्यावें, मागें गेला तर मागें घ्यावें, हीच तिची सारी विद्या. म्हणून पाय आणि चाक यांमध्यें तसूभरही मोकळीक असतां कामा नये. धाव, आरे, टायर, चिमटा, बैठक हें सारें सामान सायकलीच्या दुकानांत मिळे. मधला तो वीतभर तुंबा तेवढा लेथवर मुद्दाम करून घ्यावा लागे. सर्कशीच्या खेळाडूचें पोटच त्यावर अवलंबून, म्हणून तो खर्च करी. हौशी मुलाला तें परवडणारें नव्हतें. ही विद्या तंबूंतल्या लोकांचीच, असा जो समज रूढ झाला, त्याच्या मुळाशीं कौशल्याइतकाच हा खर्चही होता.

अमेरिकेंतील हौशी लोकांनीं यावर घरगुती तोड काढली. मोडक्या सायकलीचा चिमटा घ्यावयाचा, त्याच्या वरच्या नळींत बैठकीची दांडी बसवावयाची, आणि पेडलांचा जुना आंस तुंब्यांत घालून वेल्डिंगनें पक्का करावयाचा. स्वस्त खरें, पण शिकाऊ स्वार क्षणोक्षणीं पाय उलटसुलट दाबतो, त्यामुळें क्रँकच्या कॉटर-पिना ढिल्या पडत. बैठक उलटी धरून निघालें तर दोन्ही पेडलांचे आटे विरुद्ध दिशेनें फिरून तीं सुटूंही लागतात! १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत श्विन कंपनीनें कारखान्यांत एकचाक्या काढल्या, आणि तुंब्याचा प्रश्न एकदांचा सुटला. १९७३ मध्यें बिल जेनॅक यांनीं अमेरिकेंत हौशी स्वारांची संस्थाही स्थापन केली.

शिकणाऱ्यासाठीं वीस इंची चाक सोयीचें ठरलें. एका फेऱ्यांत तें सवापांच फूटच जातें, म्हणून वेग आवरतो आणि पडलें तरी माणूस बहुधा पायांवरच उतरतो. बैठक मात्र पेडल खालीं असतां पाय जवळजवळ सरळ होईल इतकी उंच हवी. भीतीनें ती खालीं ठेवणारा लवकर थकतो. बाकी झगमगाट कशाला? शिकाऊ एकचाकी शंभरदां जमिनीवर आपटणारच.

जपाननें त्यापुढलें पाऊल टाकलें. १९८९ मध्यें तेथील प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हां शारीरिक शिक्षणांत एकचाकीलाही स्थान मिळालें. १९९२ पासून तो अंमलांत आला. अनेक शाळांच्या पटांगणांत एकचाक्यांची रांग उभी असते. तेथें मुलाला ती विकत घ्यावी लागत नाहीं. मधल्या सुटींत एखादी मुलगी लोखंडी दांडीला धरून चाकावर बसते, हात सोडते, दोन फेरे जाते, पडते. आणि घंटा होतांच एकचाकी पुन्हां रांगेंत लावून वर्गांत जाते.