स्त्रीबीजदान : बिलात न दिसणारी स्त्री

१८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातील या संस्थेत विधवा गुपचूप येऊन बाळंत होत. मूल तेथे वाढे, आईचे नाव झाकलेले राही. पुढे वंध्यत्वावरील उपचारांच्या इतिहासातही अशीच एक निनावी स्त्री आली : स्त्रीबीज देणारी. पहिलीला लोकलज्जेने लपवले, दुसरीला गोपनीयतेच्या नियमाने. दोघींची तुलना इथवरच.

महाराष्ट्रात ही दुसरी कथा मुंबईत सुरू होते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. जानेवारी १९९१ मध्ये त्यांच्याच उपचारांतून, दुसऱ्या स्त्रीचे बीज वापरून, बीजकोश निकामी झालेल्या स्त्रीला मूल झाले. डॉक्टरांचे नाव इतिहासात गेले, आणि ते योग्यच. बीज देणारीचे गेले नाही.

पुरुषबीज देणे मिनिटांचे काम. स्त्रीबीजासाठी दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने, वारंवार सोनोग्राफी, शेवटी भूल देऊन सुईने बीजे काढणे. क्वचित बीजकोश अतिउद्दीपित होऊन पोटात पाणी साठते. प्रसंगी जिवावर बेतते. २०१० साली मुंबईत बीजदानानंतर एका अल्पवयीन मुलीचा मृत्यू झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तोवर देशात याविषयी मार्गदर्शक सूचना होत्या, कायदा नव्हता.

तो २०२१ मध्ये झाला. दात्रीचे वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच दान, जास्तीत जास्त ७ बीजे, आणि ती एकाच जोडप्यासाठी. बीजांच्या विक्रीस बंदी. पूर्वी एका दात्रीची बीजे दोन-तीन जोडप्यांत वाटली जात, खर्चही वाटला जाई. आता तो सगळा एकाच घरावर येतो. उपचार महागले, ही जोडप्यांची तक्रार खोटी नाही. जमीन गहाण टाकून मुलासाठी शहर गाठणाऱ्यांना तर ती फारच जाचते. पण सातची मर्यादा दात्रीच्या शरीरासाठी आहे, हे त्या तक्रारीत सहसा ऐकू येत नाही.

दात्रीच्या बुडालेल्या मजुरीबद्दल मात्र हा कायदा गप्प आहे. जोडप्याने तिचा विमा उतरवायचा, एवढे बंधन आहे; नियमांनुसार तो १२ महिन्यांचा.