कुर्ल्याची लेक

धायरीत धारेश्वराच्या टेकडीखाली आम्हां मित्रांची जुनी फियाट हौशी शर्यतीसाठी उघडली आहे. ही कुर्ल्याची लेक. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची. एंजिन १०८९ सी.सी.चे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तिच्या बहिणी मद्रासजवळ शोलावरमला पळत. महायुद्धातली ती विमानांची धावपट्टी! सरळ पल्ला लांब, मग एकाएकी वळण. मंडळी मागची आसने काढीत, हेड घासून दाब वाढवीत; पण वळणावर कस लागे तो ब्रेकचा. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते. ड्रम तापून ते उकळले, की पायाखाली नुसती वाफ! १९९० च्या सुमारास शर्यती इरुंगट्टुकोट्टईला गेल्या. तिथेच आम्हांला जायचे आहे. एंजिनाला अजून कोणी हात लावलेला नाही. चारही ड्रम मात्र ओट्यावर मांडले आहेत.