थॉर : बळाकडून पात्रतेकडे

आइसलंडच्या जुन्या काव्य-गाथांतला थॉर तांबड्या दाढीचा, शीघ्रकोपी व खादाड आहे. चोरीला गेलेला हातोडा मिळवण्यासाठी तो नवरीचा वेश घेतो आणि पंगतीत अख्खा बैल व आठ सामन मासे फस्त करतो. कथा त्याला हसते. सुधारू पाहत नाही.

१९६२ साली स्टॅन ली, लॅरी लीबर व जॅक कर्बी यांनी मार्व्हल कॉमिक्समध्ये आणलेला थॉर मात्र सोनेरी केसांचा, दाढीविहीन आहे. त्याच्या हातोड्यावरचा लेखच पात्रतेची अट घालतो. उन्मत्तपणा जिरावा म्हणून पित्याने, ओडिनने, त्याला लंगड्या डॉक्टरच्या देहात धाडले, असा खुलासा १९६८ मध्ये झाला. मूळ देवाचे बळ निसर्गदत्त होते. आधुनिक नायकाला ते विनयाने कमवावे लागते. विसाव्या शतकाचा निव्वळ बळाविषयीचा संशयच या बदलात व्यक्त होतो, असे म्हणावे लागेल.