रानवाट आणि रानातले जेवण : गटाचा आकार कशावरून ठरावा

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तिच्या वायव्येला नूक्सिओ हे राष्ट्रीय उद्यान आहे. 1994 साली ते जाहीर झाले. परदेशी पाहुण्यांना जंगल दाखवण्याची एक रीत तिथे आता चांगलीच रुळली आहे. आठ-दहा जणांचा गट, सोबत त्या जंगलाचा जाणकार वाटाड्या, तळ्याकाठाने काही तासांची पायपीट आणि शेवटी नेमून दिलेल्या चुलीपाशी जेवण. जेवणात राईच्या पिठाचा काळसर आंबूस पाव असतो, धगीसमोर फळीवर टाचून भाजलेला सामन मासा असतो, तांदळाची खीर भरलेल्या राईच्या पातळ पाऱ्या असतात आणि काजळी चढलेल्या किटलीत उकळलेली कॉफी असते. हंगाम असेल तर वाटेतच ब्लूबेरी तोडून तोंडात टाकायची.

या रीतीत तीन घटक आहेत : लहान गट, वाटाड्या आणि त्या जागेचे जेवण. पर्यटनाचा धंदा हे तीन घटक सुटे सुटे धरतो. गट गाडीच्या आसनांवरून ठरतो, वाटाड्या जो मिळेल तो घेतात आणि जेवण शेवटी जोडले जाते. माझे म्हणणे असे की हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांत निर्णायक घटक जेवण आहे. रानातले अन्न रानाला न दुखवता किती माणसांना पुरेल, यावरून गट ठरला पाहिजे. हे तपासायला करंजाड्याच्या परिसराइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

करंजाडे ही पनवेलला लागून असलेली, गाढी नदीकाठची सिडकोची वसाहत. इथून पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाला लागले की शिरढोण येते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 1845 साली याच गावात झाला. शिरढोणच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडी दाटू लागते. हेच कर्नाळा पक्षी अभयारण्य. 1968 साली ते जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते. 2003 मध्ये ते वाढवून सुमारे 12 चौरस किलोमीटर करण्यात आले. मधोमध कर्नाळा किल्ला आणि त्याचा तो बेसाल्टचा सरळसोट सुळका, जो महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. अभयारण्याच्या आजूबाजूला ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. या वाड्यांतल्या बाया पावसाळ्यात रानभाज्यांच्या टोपल्या घेऊन पनवेलच्या बाजारात बसतात. करंजाड्यातल्या नव्या इमारतींत राहायला आलेली कुटुंबे त्यांच्याकडूनच भारंगी, करटोली, फोडशी विकत घेतात. टोपली बाजारात येते, पण ती भरली कुठे आणि कशी, हे पाहायला कोणी जात नाही.

आधी गटाचा विचार करू. अभयारण्यात हरियाल आणि मोरटाका या नावांच्या निसर्गवाटा आहेत. रानातल्या पायवाटेवर माणसे एकामागून एकच चालतात. दोघांमध्ये दीड मीटर अंतर धरले तर दहा जणांची रांग साधारण 14 मीटर लांब होते, तीस जणांची 44 मीटर. वळणावळणाच्या वाटेवर वाटाड्या पुढच्या झाडाखाली थांबून हलक्या आवाजात काही दाखवत असेल, तर चौदा मीटरवरच्या माणसाला ते ऐकू जाते. चव्वेचाळीस मीटरवरचा माणूस दोन वळणे मागे असतो. त्याच्यापर्यंत पोचायचे तर ओरडावे लागते आणि ओरडले की दाखवण्यासारखे काही उरत नाही. मोठ्या गटात वाटाड्या असून नसल्यासारखा होतो तो यामुळे. अशा गटाला तो फक्त रस्ता दाखवू शकतो, रान दाखवू शकत नाही.

पक्ष्यांच्या बाजूने पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. तिबोटी खंड्या हा कर्नाळ्याचा पावसाळी पाहुणा. मुठीत मावेल एवढा, जांभळा, नारिंगी आणि निळा. पावसाच्या तोंडावर तो येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीत बोगदा कोरून घरटे करतो. पिल्लांसाठी नर-मादी दिवसभर सरडे, पाली, कोळी, छोटे खेकडे आणत राहतात. घरट्यासमोर माणसे उभी असली की चोचीत भक्ष्य धरून पक्षी दूर फांदीवर बसून राहतो, आत शिरत नाही. चार-सहा माणसे दोन मिनिटे पाहून पुढे सरकली तर एखादी फेरी हुकते. तीस माणसे आळीपाळीने फोटो काढत राहिली तर पिल्लांची सकाळच उपाशी जाते. किल्ल्याच्या सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात, तिथेही गोंगाट आणि गर्दी धोक्याचीच. कर्नाळ्याच्या प्रवेशद्वारावर प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात आणि परतताना त्या दाखवल्यावर ती परत देतात. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. पण कचरा मोजता येतो तसा गोंगाट मोजता येत नाही, त्याला गट लहान ठेवण्यावाचून उपाय नाही.

आता जेवण. इथे एकच भाजी जवळून पाहणे बरे, कारण सगळा प्रश्न तिच्यात एकवटला आहे. ती म्हणजे शेवळे. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती. वर्षातला बराच काळ तिचा कंद जमिनीत निजलेला असतो. मे संपून पहिला वळीव पडला की पाने यायच्या आधी जमिनीतून थेट फुलोऱ्याचा दांडा वर येतो, तपकिरी-जांभळा, टोकदार. बाजारात त्याच्या जुड्या येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात. शेवळे कच्ची किंवा अर्धवट शिजवून खाल्ली तर घसा सोलवटून निघतो. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून बाहेरचे आवरण सोलायचे, आतला पिवळा खाजरा भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून तेलात चांगले परतायचे आणि मग काकडांचा आंबट रस घालून शिजवायचे. काकड हे रानातलेच झाड. त्याची हिरवी आंबट फळे नेमकी त्याच दिवसांत धरतात, आणि शेवळे विकणारी बाई जुडीबरोबर काकडेही देते. काकडे नसली तर बोंडाऱ्याचा पाला किंवा चिंच. सीकेपी आणि पाठारे प्रभूंच्या घरांत हीच भाजी खिमा किंवा कोलंबी घालून होते, पण खाज मारण्याची ही रीत त्यांच्याही स्वयंपाकघरातून चुकलेली नाही.

फिनलंडमध्ये याला नेमकी जोड आहे. कोर्वासिएनी नावाची, मेंदूसारख्या सुरकुत्यांची अळंबी तिथे वसंतात उगवते. कच्ची खाल्ली तर ती जीव घेऊ शकते, कारण तिच्यात जायरोमिट्रिन हे विष असते. तरीही ती तिथल्या खाद्यपरंपरेचा मानाचा भाग आहे. भरपूर पाण्यात निदान पाच-पाच मिनिटे दोनदा उकळायची, दोन्ही वेळा पाणी फेकून द्यायचे, अळंबी धुवायची आणि वाफ अंगावर येऊ नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या. बाजारात ती विकताना हाताळणीच्या सूचना सोबत द्याव्या लागतात. तिथे हे ज्ञान छापील कागदावर उतरले आहे. आपल्याकडे ते टोपली घेऊन बसलेल्या बाईच्या तोंडी आहे, आणि विचारले तरच मिळते. वाटाड्या आणि जेवण वेगळे का करता येत नाहीत, याचे उत्तर इथे आहे. जे अन्न जाणकाराशिवाय खाताच येत नाही, ते वाढणारे माणूसच त्या रानाचे पहिले मार्गदर्शक ठरते.

इथून पुढे मात्र फिनलंडचा कित्ता गिरवता येत नाही. तिथे प्रत्येक माणसाला, मग तो परदेशी का असेना, जंगल कोणाच्याही मालकीचे असले तरी त्यात पायी हिंडण्याची आणि बेरी, अळंबी तोडण्याची परंपरेने मुभा आहे. राष्ट्रीय उद्यानांतही ती बहुतेक ठिकाणी चालते. तोडलेल्या बेरी विकून आलेल्या उत्पन्नावर करसुद्धा नाही. हे औदार्य थोर आहे, पण त्यामागे दोन कारणे आहेत. एक, माणसे थोडी आणि जंगल अफाट. देशाची तीन-चतुर्थांश जमीन जंगलाखाली आणि लोकसंख्या सुमारे 56 लाख. एकट्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 26 लाखांवर होती. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि त्याचा विचार कमी होतो. तिथे खाल्ले जाते ते बहुधा फळ. ब्लूबेरी तोडली तरी झुडूप जागेवर राहते, अळंबी काढली तरी तिचे जाळे जमिनीत शाबूत असते. शेवळाचे आपण खातो ते फूलच. प्रत्येक जुडी म्हणजे त्या हंगामात न धरलेले बी. कंद जमिनीत राहतो म्हणून झाड लगेच मरत नाही, पण नवी रोपे कमी होत जातात. मागणी वाढली आणि तोडणाऱ्याने ठिकठिकाणी काही दांडे राखायची जुनी शिस्त सोडली, तर नुकसान दिसायला वर्षे लागतील आणि दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. फोडशी आणि कुर्डूसारख्या पालेभाज्यांना एवढा धोका नाही. त्यांची कोवळी पाने खुडली तरी मूळ टिकते. रानभाजी म्हणून सगळ्यांना एकाच टोपलीत घालून चालणार नाही.

कायद्यानेही इथे एक रेघ ओढली आहे, पाहुणा आणि रानावर हक्क असलेला यांच्यातली. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज काढता येत नाही. दुसरीकडे, 2006च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या गौण वनोपज गोळा करणाऱ्या आदिवासींचा त्यावरचा हक्क मान्य केला आहे. म्हणजे करंजाड्याहून आलेल्या पाहुण्याने वाटेवर पानही तोडू नये आणि वाडीतल्या बाईने आपल्या हक्काच्या रानातून आणलेले अन्न तिच्या अंगणात बसून खावे. नूक्सिओत चालणे आणि जेवणे एकाच जागी होते, कारण नेमलेल्या चुली उद्यानातच आहेत आणि त्यांना लाकूडही तिथले वनखाते पुरवते. वणव्याचा इशारा असला तर उघड्यावरचा विस्तव तिथेही बंद. कर्नाळ्यात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील : पहाटे अभयारण्यात पायवाट, दुपारी बाहेरच्या वाडीत जेवण. ही अडचण नव्हे. जेवणाचा पैसा थेट वाडीत पडतो, हा तिचा मोठा फायदा आहे.

ज्याला अशी सहल नव्याने सुरू करायची आहे त्याने पावसाळ्यापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवाळ्यातली पोपटी अधिक योग्य. भाताची कापणी झाल्यावर उरलेल्या ओलीवर रायगडात वाल पेरतात. जानेवारीच्या सुमारास शेंगा भरतात. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर ओवा आणि जाडे मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. वर पुन्हा पाला दाबून भरायचा, मडके उपडे घालायचे आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचे. पाण्याचा थेंबही नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळे वाफते. अर्ध्या तासाच्या सुमारास मडक्यावर पाणी शिंपडून पाहतात. ते चर्र करून लगेच उडाले की पोपटी झाली. हे जेवण शेतातून येते. त्यासाठी रानाला हात लागतो तो फक्त भांबुर्ड्यापुरता, आणि तो रिकाम्या शेतात, बांधावर तणासारखा मुबलक उगवतो. विस्तवही मोकळ्या शेतात, जंगलापासून दूर. शिवाय हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि वाट निसरडी नसते. पोपटीला दहाच्या जागी पंधरा माणसे आली तरी शेत तुटत नाही. जूनमधल्या शेवळांना पंधरा माणसे जास्तच होतील.

राहिला वाटाड्या. कर्नाळ्याच्या उभारणीत ज्यांचा वाटा होता ते वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली आयुष्यभर रानातल्या माणसांकडून शिकत राहिले. पक्ष्यांची, झाडांची स्थानिक नावे त्यांनी अशाच माणसांकडून गोळा केली. शहरातला प्रशिक्षित मार्गदर्शक पक्ष्याचे शास्त्रीय नाव सांगेल, दुर्बीण लावून देईल, प्रथमोपचार करील. त्याची गरज आहेच. पण ओढ्याच्या कोणत्या वळणावर यंदा शेवळे उशिरा आली आणि का, हे वाडीतली बाई सांगते. म्हणून दोघे हवेत आणि दोघांची मजुरी सारखी हवी. आज बहुतेक ठिकाणी तिला ताटाचे पैसे मिळतात, ज्ञानाचे नाही. ती गटाबरोबर अर्धा तास चालली, तिने भाजी निवडून दाखवली, खाजरा भाग कुठला ते समजावले, तर तो शिकवण्याचा वेळ आहे आणि त्याचा हिशेब ताटापासून वेगळा मांडला पाहिजे. बाजाराची खोटी करून ती थांबलेली असते, हेही त्यात धरले पाहिजे.

मग गटाचा आकडा कोण ठरवणार? पायवाटेवरून वरची मर्यादा निघते, ती दहाच्या आसपास. त्याखालचा आकडा दर आठवड्याला बदलणारा आहे, कारण पाऊस, मोहोर आणि टोपली दर आठवड्याला बदलतात. तो आधी छापून ठेवता येत नाही. आयोजकाने दोन दिवस आधी वाडीत जाऊन विचारावे, ‘मावशी, रविवारी किती माणसं आणू?’ ती म्हणाली सहा, तर सहाच जणांची नोंदणी घ्यावी. ती म्हणाली यंदा शेवळं कमी आहेत, टाकळा करते, तर पाहुण्यांना टाकळ्याचे जेवण आधीच कळवावे. आणि ती म्हणाली या रविवारी नको, तर सहल पुढे ढकलावी.