मताला मोल, मोलाला मत

४ जुलै २०१६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, स्टीमिट या संकेतस्थळावर लिहिणाऱ्यांच्या खात्यांत पहिल्यांदा मोबदला जमा झाला. त्यामागची स्टीम ही ब्लॉकचेन, म्हणजे सामायिक डिजिटल नोंदवही, २४ मार्चपासून चालू होती. लोक लिहीत होते, एकमेकांना मतं देत होते, लेखाखालचे डॉलरचे आकडे वाढत होते. पण तीन महिने उलटले तरी हातात काही पडलं नव्हतं. ते पडलं आणि गर्दी उसळली. स्टीम याच नावाच्या नाण्याचा भाव काही दिवसांत चार डॉलरच्या वर गेला. पाठोपाठ १४ जुलैला चोरांनी सुमारे २६० खात्यांत शिरून ८५ हजार डॉलरच्या आसपासची नाणी लांबवली.

नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी हा व्याप उभा केला होता. लॅरिमर यांच्या गाठीला बिटशेअर्स या आधीच्या ब्लॉकचेनचा अनुभव होता. त्यांचा मुद्दा आजही खोडून काढता येत नाही. फेसबुकसारख्या माध्यमांवर कोट्यवधी माणसं लिहितात, फोटो टाकतात, वाद घालतात. त्यातून जाहिरातीचं जे उत्पन्न होतं ते कंपनीकडे जातं. राबणाऱ्याला वाटा मिळाला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी.

पण हा वाटा यायचा कुठून? स्टीमिटवर तेव्हा जाहिराती नव्हत्या, वर्गणीही नव्हती. दर तीन सेकंदांनी नवी नाणी पाडली जात आणि ती वाटली जात. डिसेंबर २०१६ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून नव्या नाण्यांचं प्रमाण वर्षाला साडेनऊ टक्के ठरलं आणि पुढे ते थोडंथोडं घटत जाणार होतं. त्यातले ७५ टक्के लेखक आणि मतदारांना, १५ टक्के नाणी बांधून ठेवणाऱ्यांना आणि १० टक्के ब्लॉकचेन चालवणाऱ्या ‘विटनेस’ मंडळींना. म्हणजे लेखकाला मिळणारा पैसा प्रत्येक नाणेधारकाचा हिस्सा किंचित पातळ करून येत होता. बाहेरून कुणी नाणी विकत घ्यायला आलं, तरच त्याला भाव.

एका लेखाचा हिशेब जवळून पाहावा. २०१८ साली एखाद्या लेखाखाली दहा डॉलर दिसत असले, तर ते दहा लेखकाचे नसत. सात दिवस मतं येत, आकडा वरखाली होई, सातव्या दिवशी तो बंद होई. अडीच डॉलर मत देणाऱ्यांकडे जात, कारण चांगलं लेखन हुडकून काढणं हेही काम मानलं होतं. उरलेल्या साडेसातांतले पावणेचार ‘स्टीम डॉलर’ या नाण्यात मिळत, जे एका अमेरिकन डॉलरच्या आसपास राहावं अशी योजना होती. राहिलेले पावणेचार ‘स्टीम पॉवर’ म्हणून खात्यात बांधले जात. ती सोडवायची तर तेरा आठवडे, तेरा हप्ते. अगदी सुरुवातीला तर हे हप्ते १०४ आठवड्यांचे, म्हणजे पुरत्या दोन वर्षांचे होते.

या बांधलेल्या स्टीम पॉवरमध्येच सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. जितकी स्टीम पॉवर, तितकं मत वजनदार. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे खटकेल. गावच्या पतसंस्थेत एकाचे पाच शेअर असोत की पाचशे, वार्षिक सभेत हात एकदाच वर होतो. १९६० च्या सहकार कायद्यानं ‘एक सभासद, एक मत’ हा दंडकच घालून दिला आहे. स्टीमला तो पाळता येत नव्हता, कारण पतसंस्थेत सभासदाचा चेहरा ओळखीचा असतो आणि इंटरनेटवर एकच माणूस रात्रीतून हजार खाती उघडू शकतो. खोटी खाती काढणं सोपं, खोटी नाणी काढणं अशक्य. म्हणून माणसाऐवजी नाणं मोजायचं ठरलं. अडचण खरी होती, पण तोडग्याची किंमतही तितकीच खरी होती.

त्यात सुरुवातीला मताच्या वजनाचा वर्ग करण्याचा नियम होता. एका लेखाला दुसऱ्याच्या दहापट वजनाची मतं पडली, तर मोबदला दहापट नव्हे, शंभरपट. बड्या खातेदारांना तिथे ‘व्हेल’ म्हणत आणि छोट्यांना ‘मिन्नो’, म्हणजे बारकी मासळी. एका व्हेलनं मत दिलं की लेखकाचा महिना सुटायचा. शंभर मिन्नोंनी दिलं तर आकडा हलायचाही नाही. सर्वांत मोठी व्हेल होती खुद्द स्टीमिट कंपनी. पहिल्या दिवसांत बहुतेक नाणी तिनंच मिळवून ठेवली होती.

गैरवापर होणार याची संस्थापकांना कल्पना होती. त्यांच्या श्वेतपत्रिकेत चक्क बादलीतल्या खेकड्यांची गोष्ट आहे. मराठी माणूस ती स्वतःच्या समाजाला दूषण द्यायला सांगतो. इथे मात्र खेकड्यांच्या ओढाओढीवर भिस्त ठेवलेली. कुणी लबाडीनं वर चढू लागला तर बाकीचे उलट मत देऊन त्याला खाली खेचतील, असा तो हिशेब. प्रत्यक्षात मोठ्या खेकड्याला खेचायची ताकद लहानांत नव्हती, आणि उलट मताला उलट मतानंच उत्तर मिळे.

लॅरिमर मार्च २०१७ मध्ये बाहेर पडले. जूनमध्ये वर्गाचा नियम गेला. मताचं वजन सरळ प्रमाणात आलं. हा बदल न्यायाचा होता आणि मिन्नोंनी तो मनापासून साजरा केला. पण त्यातून नवा धंदा फोफावला. स्टीम पॉवर उसनी देता येत होती. ती गोळा करून मतं विकणारे बॉट निघाले: काही स्टीम डॉलर पाठवा, तुमच्या लेखाला वजनदार मत मिळेल. कसून लिहिलेला प्रवासलेख खाली आणि विकत घेतलेल्या मतांवरचा चार ओळींचा मजकूर पहिल्या पानावर, हे दृश्य रोजचं झालं. चांगलं लिहिणाऱ्यांचं इथे खरोखर नुकसान झालं. लेखन वाचून मत देण्याचं कामच बाद झालं होतं.

तेजीत हे कुणाला बोचलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एका डॉलरला बांधलेलं स्टीम डॉलर दहा डॉलरच्या पुढे गेलं, जानेवारीच्या सुरुवातीला स्टीमनं आठ गाठले. भारतातून लिहिणाऱ्यांना मात्र लवकरच दुसरी भिंत लागली. एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं आणि कमावलेलं नाणं रुपयांत आणणं जिकिरीचं झालं. वर्ष संपता संपता स्टीम पन्नास सेंटच्या खाली होतं आणि कंपनीनं सत्तर टक्के कर्मचारी कमी केले. ऑगस्ट २०१९ मध्ये लेखक आणि मतदारांचे वाटे निम्मे-निम्मे केले गेले, जेणेकरून मत विकण्यापेक्षा वाचून देणं परवडावं. उपाय चांगला होता, उशिरा आला.

१४ फेब्रुवारी २०२० ला ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतल्याचं जाहीर झालं. तिच्यासोबत सर्व स्टीमचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे आला. ही नाणी वाढीच्या कामासाठी आहेत, सत्तेसाठी नाहीत, असं कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली होती. तो शब्द नवा मालक पाळेल याची विटनेसना खात्री नव्हती, म्हणून त्यांनी दहाएक दिवसांतच ती नाणी गोठवली. २ मार्चला सन यांचं उत्तर आलं. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या बाजारांत ग्राहकांनी ठेवलेलं स्टीम मतदानात उतरलं, आणि नाणेधारकांच्या मतांवर ठरणारी पहिल्या वीस विटनेसची यादी पाहता पाहता बदलली. वर्षानुवर्षांची नावं खाली गेली, काल उघडलेली खाती वर आली. ठेवीदारांना विचारलं नव्हतं. शिवाय मतासाठी बांधलेली नाणी तेरा आठवड्यांशिवाय सुटत नव्हती. गदारोळ झाल्यावर बायनान्स आणि हुओबीनं मतं मागे घेतली. याच आठवड्यात, ४ मार्चला, सर्वोच्च न्यायालयानं रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक रद्द ठरवलं. भारतीय लेखकांची वाट मोकळी झाली तेव्हा घरालाच आग लागली होती.

२० मार्चला जुन्या मंडळींनी साऱ्या नोंदींसकट वेगळी चूल मांडली: हाइव्ह. प्रत्येकाला जितकं स्टीम तितकं हाइव्ह मिळालं. कंपनीच्या नाण्यांना आणि सन यांच्या ताब्याच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या काही खात्यांना वगळलं. दोन महिन्यांनी स्टीमवर नियम बदलून विरोधकांच्या ६४ खात्यांतलं २ कोटी ३६ लाख स्टीम एका खात्यात वळवलं गेलं. तिथून ते कुणीतरी लगोलग बिट्रेक्स या बाजाराकडे धाडलं, चोरीचा माल मूळ धन्यांना परत करा, अशी चिठ्ठी जोडून.

२० मार्च २०२० पूर्वी लिहिलेला प्रत्येक लेख आज दोन्हीकडे आहे. २०१६ च्या जुलैमधला एखादा लेख उघडला, तर स्टीमवर आणि हाइव्हवर तेच शब्द, त्याच मतदारांची यादी आणि मोबदल्याचा तोच आकडा दिसतो.